पन्ना मारिया : शिवाराबाहेर वाढलेले गाव

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओहून आग्नेयेकडे निघणाऱ्या १८१ क्रमांकाच्या महामार्गाने फ्लोर्सव्हिल, पोथ आणि फॉल्स सिटी ही गावे मागे टाकली, की हॉब्सनपाशी एक छोटा रस्ता डावीकडे फुटतो. त्या रस्त्याने थोडे पुढे गेले की मेस्कीटची झुडपे आणि कुरणे यांच्यावर डोके काढून उभा असलेला चर्चचा मनोरा दिसू लागतो. तेच पन्ना मारिया. शहरापासून अंतर सुमारे ९० किलोमीटर, वस्ती शंभराच्याही आत आणि बाजारपेठ म्हणावी असे काही नाही. अमेरिकेत आजवर टिकून राहिलेली सर्वांत जुनी पोलिश वसाहत म्हणून हे गाव ओळखले जाते. १८५४ मध्ये वसलेले गाव आजही एवढेसेच कसे, हा प्रश्न मनात घेऊनच मी तिथे गेलो होतो. पाहणे झाल्यावर वाटले, की गाव वाढले आहे खरे, पण स्वतःच्या शिवाराबाहेर.

इथे आलेले शेतकरी अप्पर सायलेशियातले, म्हणजे आजच्या दक्षिण पोलंडमधले. त्या काळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते आणि सायलेशिया प्रशियाच्या अमलाखाली होता. बटाट्यावरचा रोग, धान्याची महागाई, साथीचे आजार आणि १८५४ मधला ओडर नदीचा पूर यांमुळे लहान शेतकऱ्याला गावी राहणे कठीण झाले होते. नेमक्या याच सुमारास त्यांच्यातलाच एक तरुण फ्रान्सिस्कन धर्मगुरू, फादर लिओपोल्ड मोचिगेम्बा, टेक्सासमधून घरी पत्रे पाठवत होता. तो १८५२ मध्ये तिथे गेला होता, तो मुख्यतः जर्मन वसाहतकऱ्यांच्या सेवेसाठी. भरपूर जमीन आहे, आपली माणसे आली तर आपले गाव वसेल, असा त्याच्या पत्रांचा सूर होता. ती पत्रे हातोहात फिरली आणि १८५४ च्या शरदात सुमारे शंभर कुटुंबांनी घरदार विकून ब्रेमेन बंदर गाठले. त्यांत त्याचे सख्खे भाऊही होते.

समुद्रात जवळजवळ नऊ आठवडे काढून ही मंडळी डिसेंबरच्या आरंभी गॅल्व्हस्टनला उतरली, किनाऱ्याने इंडियानोलाला गेली आणि तेथून आत चालत निघाली. सामान भाड्याच्या मेक्सिकन गाड्यांवर, माणसे बहुतेक पायी. गाड्यांवर पिसांच्या गाद्या होत्या, शेतीची अवजारे होती आणि गावच्या चर्चमधून आणलेला क्रूसही होता, असे सांगतात. सॅन अँटोनिओला फादर त्यांना भेटला आणि सॅन अँटोनिओ नदी व सिबोलो ओढा यांच्या संगमाजवळच्या पठारावर घेऊन आला. तिथे गाव नव्हते, घर नव्हते. होते ते कमरेपेक्षा उंच वाढलेले गवत, खुळखुळ्या साप आणि काही ओक वृक्ष. २४ डिसेंबर १८५४ च्या रात्री त्यांतल्याच एका ओकखाली पहिली नाताळची प्रार्थना झाली आणि कुमारी मेरीच्या, पोलिश भाषेत पन्ना मारियाच्या, नावाने गाव वसले. तो ओक आजही चर्चच्या शेजारी दाखवतात.

पहिले दिवस कष्टाचे होते, हे सांगायला नको. लोक जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत आणि गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहिले. जमीन त्यांना सॅन अँटोनिओचा व्यापारी जॉन टूहिग याने विकली आणि तीही आसपासच्या भावापेक्षा कितीतरी चढ्या दराने. नवख्या, भाषा न येणाऱ्या, परत फिरण्याची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाशी व्यापारी जसा वागतो तसाच हा वागला. मका लावला, पाठोपाठ कापूस आला, पण १८५६-५७ च्या अवर्षणात सगळे करपले. धान्य विकत घ्यावे तर त्याचे भाव गगनाला भिडलेले. अनेक कुटुंबे निघून गेली. उरलेल्यांचा राग ज्याने पत्रे लिहिली त्याच्यावर उलटला. त्याला फाशी द्यावी की नदीत बुडवावे, यावर म्हणे चर्चा झाली. फादर १८५६ मध्येच गाव सोडून गेला आणि १८९१ मध्ये डेट्रॉइटकडे वारला. १९७४ मध्ये त्याच्या अस्थी आणून त्याच ओकखाली पुरल्या गेल्या. ज्या झाडाखाली त्याने गाव बसवले तिथेच गावाने त्याला ठेवले. मात्र एवढे व्हायला एकशेवीस वर्षे लागली.

चर्च पहिल्यांदा १८५६ मध्ये उभे राहिले. १८७७ मध्ये वीज पडून ते जळाले आणि वर्षभरात पुन्हा बांधले गेले. आतमध्ये पोलंडच्या चेंस्टोहोव्हा शहरातल्या काळ्या मेरीच्या प्रसिद्ध चित्राचे मोझेक आहे. पोलंडमधील ख्रिस्ती धर्माच्या सहस्राब्दीनिमित्त राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ते १९६६ मध्ये दिले. माझे लक्ष मात्र जुन्या घरांकडे अधिक वेळ राहिले. दगडी भिंती जाड, खिडक्या लहान आणि छप्पर इतके उभट, की एखाद्याला वाटावे आता बर्फ पडणार. दक्षिण टेक्सासच्या उन्हात त्या उताराचा काही उपयोग नाही. गवंड्याच्या हाताला जे वळण होते तेच त्याने इथे उतरवले. पुढे उन्हाने शहाणे केल्यावर पुढच्या बाजूला पडव्या जोडल्या गेल्या. पडवीचे छप्पर सपाटीकडे झुकलेले आणि मूळ छप्पर ताठ, त्यामुळे जोड कुठे आहे ते लगेच कळते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने गावाची वेगळीच ओढाताण केली. गुलामांच्या श्रमावर चालणारी मोठी शेती यांच्यापैकी कोणाची नव्हती, तरी तरुणांना दक्षिणेच्या सैन्यात जावे लागले. जानेवारी १८६३ मध्ये आर्कान्सा पोस्टच्या लढाईत पकडल्या गेलेल्यांत इथले पोलिश सैनिकही होते आणि त्यांतील काहींनी नंतर उत्तरेच्या सैन्यात नाव घातले. त्यांपैकी पीटर कियोल्बासा पुढे शिकागोला जाऊन त्या शहराचा खजिनदार झाला. युद्धानंतर शेजारच्या हेलेना गावातले गुराखी इथे येऊन धिंगाणा घालत, घरांवर गोळ्या झाडत. १८६६ मध्ये आलेला फादर आडोल्फ बाकानोव्स्की स्वतःच पिस्तूल बाळगू लागला. अखेर १८६९ मध्ये हेलेनात सैन्याची चौकी बसली. याच बाकानोव्स्कीच्या काळात, १८६८ मध्ये, गावात पोलिश शाळा सुरू झाली.

हेलेना तेव्हा काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण होते. एका धनाढ्य पशुपालकाचा मुलगा तिथे गोळी लागून मेला आणि बापाने आपल्या जमिनीतून रेल्वेला फुकट वाट देऊन गावाला वळसा घालायला लावला, अशी दंतकथा आहे. रेल्वे १८८६ च्या सुमारास दुसरीकडून गेली आणि काउंटीची कचेरी कार्न्स सिटीत हलली, एवढे मात्र खरे. हेलेनात आता १८७३ च्या न्यायालयाच्या इमारतीत संग्रहालय उरले आहे. रेल्वे पन्ना मारियालाही आली नाही, पण इथे जे काही होते ते व्यापारावर उभे नव्हते. शेत, शाळा आणि चर्च ही तिन्ही रेल्वेविना चालत राहिली.

जमीन मात्र अपुरी पडत गेली. १८७३ मध्ये चेस्टोहोवा हे गाव वेगळे झाले, नंतर कॉस्किअस्को वसले. फॉल्स सिटीतही इथलीच माणसे गेली. १९०९ नंतर काही कुटुंबे थेट टेक्सासच्या उत्तर टोकाकडच्या पॅनहँडल भागातील व्हाइट डीअर येथे गव्हाची शेती करायला गेली. पोलिश माणूस म्हटला की कोल्हापूरकराला वळिवड्याची छावणी आठवते. तिथले पाच हजार निर्वासित १९४३ ते १९४८ एवढाच काळ राहून निघून गेले. इथली माणसे मात्र अजून सायलेशियन बोलीचे शब्द वापरतात.

अलीकडे जमिनीखालच्या ईगल फोर्ड नावाच्या खडकाच्या थरातून निघणाऱ्या तेलाने काउंटीत पैसा आणला. वाटेत टँकर सतत सामोरे येतात, म्हणून अरुंद रस्त्यावर गाडी जपून चालवावी. २०२१ मध्ये इथे पोलिश वारसा केंद्र उघडले आहे. ते उघडे असल्याची चौकशी करून निघावे, जेवणाची सोय आधीच फॉल्स सिटी किंवा कार्न्स सिटीत करावी आणि हेलेना त्याच दिवशी पाहून घ्यावे. जुलै-ऑगस्ट टाळलेला बरा.