चॅसिस न कापता बसवलेला क्रॉस मेंबर

१९५१ सालच्या शेव्रोले ३१०० पिकअपला पाच गिअरांचा बॉक्स बसवायचे ठरले, की पहिला प्रश्न त्याच्या मागच्या टोकाचा येतो: ते टेकवायचे कशावर? या अर्ध्या टनाच्या गाड्यांमध्ये १९५४ पर्यंत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांच्या आसापर्यंत नेणारा दांडा, उघडा नसे. तो एका जाड नळीत बंद असे, आणि ती नळी गोल सांध्याने थेट गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला जोडलेली असे. इंजिनाचा भार पुढच्या फाउंडेशनवर (आधारावर) आणि बेलहौसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, दोन्ही बाजूंच्या फाउंडेशनवर पडे, त्यामुळे गिअरबॉक्सच्या पोटाखाली आधार देण्याची कंपनीला गरजच पडली नाही. उघडा शाफ्ट आणि त्याला साजेसा मागचा आस घेतला, की ही सारी रचना बदलते. लांब गिअरबॉक्सचे वजन बेलहौसिंगच्या मागे अधांतरी लोंबते आणि खाली नवा क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसिसच्या (गाडीच्या लोखंडी चौकटीच्या) दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी पट्टी, द्यावाच लागतो.

हा खटाटोप हौसेपोटी केलेला नाही. मूळ मागच्या आसाचे प्रमाण ४.११ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे) असल्याने सोलापूर–पुणे रस्त्यावर इतर वाहनांच्या वेगाशी जुळवून घेताना २१६ घनइंची इंजिन सतत ओरडत राहते, आणि ज्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये ओतीव पांढऱ्या धातूचे बेअरिंग आहे व ज्याला तेल मुख्यतः शिंतोड्यांनी आणि फवाऱ्याने मिळते, त्याच्याकडून तासन्‌तास असे काम घेणे मला पटत नाही. अमेरिकेत इंजिन संथ फिरावे यासाठी शेव्रोलेच्याच एस-१० पिकअपचा टी-५ गिअरबॉक्स वापरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तो सहजी मिळत नाही, म्हणून भंगारातल्या एका डिझेल जीपचा बॉक्स मधे प्लेट देऊन जोडला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या शेडमध्ये हे काम झाले, तिथे एरवी यंत्रमागांची दुरुस्ती चालते. तिथल्या मिस्त्रींनी गाडीखाली बॅटरी फिरवली आणि म्हणाले, “मालक, मधला जुना मेंबर मधे येतोय. कापून टाकू, नवीन वेल्डिंगने बसवू. संध्याकाळपर्यंत गाडी मोकळी.” मी म्हणालो, “मिस्त्री, कापायचं नाही आणि चॅसिसला वेल्डिंगही नको. सगळं बोल्टवर.” त्यांना ते आधी रुचले नाही, पण जुन्या रिव्हेटांवर बोट फिरवून पाहिल्यावर त्यांनीच मान डोलावली.

ही चॅसिस रिव्हेटांनी जोडलेली आहे आणि तिने पिळवटावे हीच तिच्या बांधणीतली अपेक्षा आहे. खाटेचा एक पाय उचलला की बाकीची चौकट जशी थोडी वाकते, तशीच खड्ड्यात एक चाक गेले की ही चौकट वळते. तिच्या मधोमध अवजड, ताठ मेंबर वेल्ड केला, तर वळण्याचा सारा ताण वेल्डिंगच्या कडेशी गोळा होतो आणि काही वर्षांत तिथेच चीर जाते. याहून मोठा धोका गिअरबॉक्सला असतो. पुढचे एक आणि बेलहौसिंगची दोन असे तीन आधार आधीच असताना मागे चौथा आधार कडक दिला, तर चॅसिस वळताना इंजिन व गिअरबॉक्सही तिच्याबरोबर पिळले जातात आणि बेलहौसिंगचे कान तुटतात. म्हणून मागचे रबर मऊ हवे. त्याने वजन तोलावे, पण हालचाल अडवू नये.

आम्ही ७५ × ४० मिलिमीटरचा बाजारी चॅनल घेतला. त्याच्या दोन्ही टोकांना सहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे ब्रॅकेट केले, ते चॅसिसच्या उभ्या भिंतीला आतून लावले आणि जिथे शक्य तिथे कंपनीने पाडलेलीच भोके वापरली. चॅसिसच्या वरच्या-खालच्या पात्यांना ड्रिल लावायचे नाही, हा नियम कोणत्याही ट्रकला लागू आहे, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तीच पाती सोसतात. बोल्ट १२ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे. मधला भाग खाली उतरवून वेगळा ठेवला, म्हणजे क्लचप्लेट बदलताना तेवढाच सोडता येईल.

सर्वांत जास्त वेळ मापाला गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. गाडी चारही चाकांवर उभी होती; घोडीवर आस लोंबकळत ठेवून घेतलेला कोन खोटा येतो. चॅसिसच्या दोन्ही बाजूंनी ओळंबे सोडून फरशीवर खुणा केल्या, मधली रेघ सुताने मारली आणि गिअरबॉक्सचे टोक जॅकवर ठेवून त्याचा उतार तीन अंशांवर आणला. मागच्या आसाच्या हौसिंगचे तोंड तितकेच वर हवे, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या यूजे क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन एकमेकांना खोडतात. ते जुळले नाहीत, तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका बसतो आणि ठरावीक वेगाला सगळी केबिन घुमू लागते. लोक मग शाफ्टचे बॅलन्सिंग करत बसतात आणि दोष तसाच राहतो. मेंबरवरची रबराची भोके मुद्दाम लांबट ठेवली, म्हणजे पुढे-मागे सरकवायला वाव राहतो.

मेंबरचे भाग एकमेकांना जोडताना जागेवर वेल्डिंगचे फक्त टाके मारले, चॅसिसला नाही. तेव्हाही अर्थिंगचा चिमटा मेंबरलाच लावायला सांगितला, कारण तो दूर कुठेतरी लावला, तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर डाग पडतात. पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे केले. सायलेन्सरचा पाइप रबराच्या जवळून जातो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून मधे पत्र्याचा आडोसा दिला, तोही पोकळी राखून.

न कापण्याच्या हट्टाला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर ते मूळ स्वरूपात हवे, आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनातला फेरफार त्या आड येतो. आज ही गाडी त्या व्याख्येत बसते असा माझा दावा नाही. जुना गिअरबॉक्स, बंद नळी, मूळ आस आणि केबिनच्या तळाचा पत्रा जपून ठेवला आहे. उद्या कोणाला ती पूर्ववत करायची झाली, तर पाना पुरेल. तूर्त पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, आणि फेरफाराच्या नोंदीसाठी परिवहन कार्यालयात द्यायच्या अर्जाला या मेंबरचे रेखाचित्र जोडायचे आहे.