डीएमएसओतला वाघ

रत्नागिरीत जुलैमध्ये बोडिपी रंग (बोरॉन-फ्लोरीन असलेला रंग; आम्हाला तो प्रकाश पडल्यावर पेशी मारणारं औषध म्हणून हवा आहे) बनवायचा म्हणजे पहिलं भांडण हवेशी. बोरॉन ट्रायफ्लोराइड इथरेटची बाटली दमट हवेत उघडली की पांढरा धूर येतो, आणि त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. म्हणून काचसामान ओव्हनमधून थेट, बाकी सगळं नायट्रोजनखाली.

आखणी अशी: गाभ्यात २ आणि ६ या जागांवर आयोडिन. जड अणूमुळे उत्तेजित रेणू चमकत बसत नाही, ट्रिपलेट या जास्त काळ टिकणाऱ्या अवस्थेत उतरतो आणि ऊर्जा ऑक्सिजनला देतो. त्यातून होणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप, पेशी मारतो. दोन्ही बाजूंना स्टायरिल गट (शोषण लाल भागाकडे नेणारे) लावले, कारण हिरवा प्रकाश कातडीत खोल जात नाही. शोषण ६५० नॅनोमीटरच्या आसपास, लाल भागात हवं. प्रयोगशाळेत येणारे पाहुणे मात्र आयोडिन नसलेल्या, लखलखणाऱ्या कुपीवरच खूश. ती लखलख म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, हे सांगून सांगून थकलो.

डीएमएसओत (रंग सहज विरघळवणारा द्रावक) लाल एलईडीखाली डीपीबीएफचं, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजनने नष्ट होणाऱ्या सूचकाचं, ४१० नॅनोमीटरजवळचं शिखर भराभर खाली आलं. द्रावणातून नायट्रोजन सोडला की थांबलं, म्हणजे काम ऑक्सिजनचंच. बरेच जण इथेच आकडा छापून मोकळे होतात.

मग फॉस्फेट बफर, म्हणजे पाण्यातली परीक्षा. डीपीबीएफ पाण्यात विरघळत नाही म्हणून एबीडीए हा पाण्यात विरघळणारा सूचक, रंग १० मायक्रोमोलर, डीएमएसओ १ टक्का. एबीडीए ढिम्म हललं नाही. दिव्यावर संशय नको म्हणून शेजारी मिथिलीन ब्लू या ओळखीच्या रंगाचा क्युवेट (पाण्यात क्वांटम यिल्ड, म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे बनणारा सिंगलेट ऑक्सिजन, ०.५२) ठेवला होता, त्यात ते नीट उतरत होतं. मध्येच वीज गेली, स्पेक्ट्रोमीटरचा दिवा पुन्हा स्थिर होईपर्यंत बसून राहिलो.

आमच्या रंगाचं शिखर रुंद आणि बुटकं झालं होतं. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं तर फिल्टर निळा, खाली जवळजवळ बिनरंगी पाणी. सपाट रेणू पापडांच्या चळतीसारखे एकमेकांवर बसले होते. अशा चळतीत ऊर्जा उष्णता होऊन जाते, ऑक्सिजनच्या वाट्याला काही येत नाही. थोडं ट्वीन-८०, साबणासारखं द्रव्य, घातल्यावर शिखर परत टोकदार झालं आणि एबीडीए उतरू लागलं.

तेव्हापासून वाद चालू आहे. सहकाऱ्यांना ट्वीन पुरेसं वाटतं. मला नाही: शिरेत गेल्यावर द्रावण पातळ होतं, मिसेल्स (रंगाला पोटात धरणारे ट्वीनचे गोळे) सुटतात, मग रंगाला धरून ठेवणार कोण? रक्तातलं अल्ब्युमिन काही रेणू सोडवेलही, म्हणून पुढची मोजणी सीरममध्ये. स्टायरिलच्या टोकांना पिरिडिनियम लावला तर धन भारामुळे रेणू एकमेकांना ढकलतील, पण मग पेशीत शिरण्याची वाटच बदलते. मी तरीही आधी तोच बनवणार आहे.