कोळी नव्हताच!

स्कॉटलंडमध्ये, एडिंबराला लेकीकडे बारा दिवस राहिलो. किल्ला पाहिला, लॉक नेसला जाऊन आलो (बसमध्ये दिवस, तळ्याकाठी पाऊण तास, तोही पावसात) आणि रॉयल माइल या रस्त्याच्या गर्दीत ह्यांचा चष्मा हरवला. त्यावर लिहावं असं काही नाही. लिहायचंय ते मेलरोजबद्दल, आणि तिथे जायचं तर आमचं ठरलंही नव्हतं.

निघालो होतो कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या घरी, अ‍ॅबट्सफर्डला. ह्यांनी कॉलेजात स्कॉट वाचलाय, निदान तसं ते सांगतात. वेव्हर्ली स्टेशनावरून ट्वीडबँकची गाडी, तासाभराचा प्रवास. घर देखणं, पण चिलखतं आणि तलवारी किती बघणार? दुपार मोकळी होती म्हणून नदीकाठाने चालत मेलरोज गाठलं. माझे गुडघे त्याबद्दल अजून बोलतात.

मेलरोजचा मठ 1136 सालचा. आता छप्पर नाही, नुसत्या तांबूस दगडाच्या भिंती आणि उंच खिडक्यांच्या चौकटी. वर एक डुक्कर बॅगपाइप वाजवतंय, दगडाचं. हे त्याचे फोटो काढत बसले आणि मी गवतात पाय मोकळे करायला गेले. तिथे एक बसका गोल दगड दिसला. त्यावर कोरलेलं हृदय आणि एक ओळ. त्याच्याखाली स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय आहे म्हणे.

ब्रूस! आमच्या पिढीला तो शाळेत भेटला. हरून गुहेत बसलेला राजा, जाळं विणताना पुन्हा पुन्हा पडणारा कोळी, आणि शेवटी बाईंनी फळ्यावर लिहिलेलं 'प्रयत्नांती परमेश्वर'. शेजारच्या बाकावर काठी टेकून एक आजोबा बसले होते. कुठून आलात, विचारलं. भारतातून म्हटल्यावर म्हणाले, "मग ब्रूस कसा माहीत?" मी कोळी सांगितला. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"बार्बरच्या काव्यात कोळी नाहीच!"

तो कोळी घरोघर पोचवला स्कॉटने, 1828 साली, नातवासाठी लिहिलेल्या गोष्टींमधून. म्हणजे सकाळी ज्याच्या घराचं तिकीट काढलं, त्यानेच मला शाळेत गंडवलं होतं.

आणि हा बार्बर कोण? जॉन बार्बर, आबर्डीनच्या चर्चमधला मोठा अधिकारी. 1375च्या सुमारास त्याने स्कॉट्स या इंग्लिशच्या बहिणीसारख्या भाषेत 'द ब्रूस' रचलं, जवळजवळ चौदा हजार ओळी. या भाषेतलं आज हाती असलेलं पहिलं मोठं काव्य हेच. तेव्हा गादीवर होता ब्रूसच्या मुलीचा मुलगा. 1377 मध्ये त्याने बार्बरला दहा पौंड दिले, पुढच्या वर्षी कायमचं वर्षासनही. आजोबांचा पोवाडा, नातवाची बिदागी. मला तरी यात परकं काही वाटलं नाही. शाहिराची सवयही आहेच. सुरुवातीला सांगतो की गोष्ट मुळात गोड, खरी असली तर दुप्पट गोड. आणि लगेच ब्रूस आणि त्याचा आजा, दोघांना मिळून एकच माणूस करून टाकतो.

बाकावरच्या आजोबांनी दगडावरची ओळ काठीच्या टोकाने दाखवली. 'अ नोबल हार्ट मे हॅव नेन ईज, गिफ फ्रीडम फेल्ये.' थोर काळजाला स्वस्थता नाही, स्वातंत्र्य नसेल तर. ती बार्बरचीच. त्याने लिहिली ती कोणाही मानी माणसाच्या काळजाबद्दल, आणि इथे तिच्याखाली खरोखरीचं एक हृदय पुरलेलं. ब्रूस गेल्यावर त्याचा सरदार डग्लस ते घेऊन धर्मयुद्धाच्या स्वारीवर निघाला, 1330 मध्ये स्पेनमध्ये मारला गेला, हृदय परत आलं. 1996 साली इथे शिशाची एक पेटी खणून काढली, न उघडता दोन वर्षांनी पुन्हा पुरली. आत ब्रूसचंच आहे याला सहीशिक्का नाही. मला वाटतं, न उघडलेलंच बरं.

मग आजोबांनी पुढच्या-मागच्या ओळी म्हणायला सुरुवात केली. पाठ! मध्ये अडखळले, पुन्हा मागून धरल्या. मला निम्मंही कळलं नाही, पण ठेका कळला. संपल्यावर म्हणाले, शाळेत असं बोललो तर हातावर पट्टा बसायचा, 'नीट इंग्लिश बोल' म्हणून. मी काय बोलणार? पिशवीतली चिक्की पुढे केली. त्यांनी दोन तुकडे घेतले, एक खिशात टाकला.

बार्बर आज किती लोक वाचतात देव जाणे, पण त्याचं वळण मिटलेलं नाही. शंभरेक वर्षांनी ब्लाइंड हॅरी या कवीने स्वातंत्र्ययोद्धा वॉलेसवर काव्य रचलं ते बार्बर समोर ठेवून. हॅरीची सोपी केलेली आवृत्ती कवी रॉबर्ट बर्न्सने लहानपणी वाचली आणि 1793 मध्ये ब्रूसच्या तोंडी 'स्कॉट्स व्हा हे' हे गाणं घातलं. स्कॉटनेही बार्बरला मनसोक्त लुटलं. तरी आमच्या शाळेपर्यंत आला तो कोळीच. मला याचा अजून राग येतो.

त्याहून लाज वाटली ती रात्री. फोनमधले फोटो चाळताना दुसऱ्या दिवसाचा सापडला. गर्दीला कंटाळून रॉयल माइलजवळच्या मकार्स कोर्टात मी सँडविच खात बसले होते. तिथल्या फरशांवर कवींच्या ओळी कोरल्यात. माझ्या बुटाखालून डोकावत होतं: 'फ्रीडम इज अ नोबल थिंग'. जॉन बार्बर. दगडावरच्या ओळीच्या अगदी जवळची, त्याच उताऱ्यातली.

लेकीने लॅपटॉपवर तो उतारा काढला आणि शब्दार्थ बघत बघत वाचला. स्वातंत्र्य, गुलामगिरी, आणि मग हा धर्माधिकारी भलतीकडेच वळतो: माणूस गळ्यात घेतो त्यांतलं सगळ्यांत कठीण बंधन म्हणजे लग्न, असं लोक म्हणतात!

"परत वाच," हे म्हणाले. चष्म्याशिवाय.