गाळातला वणवा

जुन्या वणव्यांचा माग काढण्यासाठी आजचा सगळा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांत जळालेल्या झाडापाल्याच्या कोळशाचे कण मोजण्यात गेला. तलावाच्या तळातून नळीने काढलेल्या गाळाच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कापायच्या, त्या रसायनात भिजवून इतर सेंद्रिय द्रव्याचा रंग उडवायचा आणि १२५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या छिद्रांच्या चाळणीवर जे उरेल ते तपासायचे, असे हे काम आहे. मोठे कण सहसा जवळच्याच वणव्याचे असतात. बारीक कण वाऱ्याबरोबर कितीतरी दूर जातात.

दुपारी एका चकतीत कण एकाएकी वाढले. त्यांतला एक गवताच्या पात्याचा होता. काळा कुळकुळीत, पण पेशींच्या रांगा अजून शाबूत. सुईचा जरासा धक्का लागताच तो मोडला आणि मला उगीचच अपराधी वाटले.

मात्र एवढ्यावरून वणव्याचे नेमके साल सांगण्याचा मोह आवरावा लागतो, कारण आग विझल्यानंतरही उतारावरचा कोळसा पावसाच्या पाण्याबरोबर कित्येक वर्षे तलावात येत राहतो, शिवाय रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून, मिळणारे वयही बहुधा काही दशकांच्या फरकानेच सांगता येते. कोळसा सहजासहजी कुजत नाही, हीच काय ती सोय. उरलेल्या चकत्या आता उद्या.