बेपत्ता माणसाचा फॉर्म

"त्यांना एकदा शाखेत घेऊन येता येईल का?"

बँकेच्या काउंटरवर हा प्रश्न ताईला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला. तिसऱ्या वेळी मी शेजारी होतो. ताई काही बोलली नाही. तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला, उलगडला आणि काचेखालून पुढे सरकवला. व्हिक्टोरिया पोलिसांचं पत्रक. दाजींचा फोटो, उंची, निळं जॅकेट, तपकिरी बूट. समोरच्या मुलीने ते वाचलं, तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "सॉरी, पण मला स्क्रीनवर दोनच पर्याय दिसतात."

ते दोन पर्याय म्हणजे खातेदार मयत, नाहीतर खातेदाराने सहीनिशी अधिकार दिलेला. पहिल्याला मृत्यूचा दाखला लागतो, दुसऱ्याला दाजींची सही. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. या दोन चौकटींच्या मधे आमचे नऊ महिने गेले. मेलबर्नमधल्या आपल्या कुणावर अशी वेळ आली, तर निदान हे नऊ महिने तरी वाचावेत म्हणून लिहितोय.

आधी झालं काय ते सांगतो. 2023 च्या मे महिन्यात दाजी आणि त्यांचा ऑफिसमधला मित्र शुक्रवारी दुपारी निघाले. लिकोलाच्या पुढे, अल्पाइन नॅशनल पार्कच्या डोंगरात दोन रात्री तंबू टाकायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत घरी, असा बेत. दाजी दहा वर्षं असं जायचे. रविवारी रात्री दहापर्यंत आले नाहीत तेव्हा ताई मेलबर्नच्या टार्नीट उपनगरातून थेट पोलीस स्टेशनला गेली. चोवीस तास थांबावं लागतं असं कुणीतरी तिला फोनवर सांगितलं होतं, ते साफ खोटं आहे. असा नियम इथे नाही. काळजी वाटली की त्याच तासाला जायचं. पोलिसांनी तक्रार लगेच घेतली, गाडीची दुसरी किल्ली मागून घेतली आणि सोमवारी दुपारी गाडी सापडली.

गाडीला कुलूप होतं. नदीपासून थोडं वर तंबू, त्याची चेन नीट लावलेली. आत दोन स्लीपिंग बॅगा आणि ताईने दिलेला चिवड्याचा डबा. बाहेर गॅसच्या शेगडीवर कुकर, त्यात अर्धी खिचडी. दोघंच नव्हते. किल्ल्या आणि फोन त्यांच्याबरोबर गेलेले. झटापट नाही, रक्त नाही, कुठे घसरल्याची खूण नाही.

शोध अकरा दिवस चालला. हेलिकॉप्टर, कुत्री, नारिंगी कपड्यातले एसईएसचे, म्हणजे राज्याच्या आपत्कालीन सेवेचे, स्वयंसेवक, बुशवॉकिंग क्लबांमधून आलेली माणसं. पोलिसांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. मी वर गेलो होतो, पण मला तळावरच बसवून ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. त्या रानात आगीनंतर उगवलेली झाडी इतकी दाट आहे की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. शोध थांबवताना त्यांचा प्रमुख स्वतः ताईशेजारी जमिनीवर बसला आणि सगळं समजावून सांगितलं. पुढे जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाची सुट्टी झाली आणि दरवर्षीप्रमाणे वरचे कच्चे रस्ते ऑक्टोबर अखेरपर्यंत बंद झाले. जवळजवळ पाच महिने त्या फाटकांपलीकडे कुणाला गाडी नेता येणार नव्हती.

मग लोक बोलायला लागले. मार्च 2020 मध्ये तिकडच्याच डोंगरात, वोनांगटा खोऱ्यात, सत्तरी ओलांडलेली दोन माणसं अशीच नाहीशी झाली होती आणि त्यांचा तंबू जळालेला सापडला होता. अवशेष मिळायला नोव्हेंबर 2021 उजाडला. ती गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक जण ती ताईला ऐकवायचा, जणू तिने ऐकलीच नव्हती. एकाने तर दाजींवर कर्ज किती होतं असंही विचारलं. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर कृपा करून तर्क सांगायला जाऊ नका. डबा घेऊन जा.

आता बँक.

घराचं कर्ज दोघांच्या नावावर होतं, पण हप्ता दाजींच्या एकट्याच्या खात्यातून कापला जायचा. पगारही तिथेच यायचा. कंपनीने शिल्लक रजा संपेपर्यंत पगार दिला आणि मग तो थांबला. जुलै अखेरीस हप्ता परत गेला. त्याच खात्याला जोडलेल्या बचत खात्यात वर्षभराचे हप्ते भागतील एवढे पैसे होते. ते इकडून तिकडे वळवायला ऑनलाइन एक बटण पुरे होतं, पण त्याचा ओटीपी दाजींच्या फोनवर जायचा. आणि तो फोन जिथे दाजी, तिथे.

ताईला त्यांच्या कार्डाचा पिन माहीत होता. घरोघरी माहीत असतो. मीच म्हटलं, काढ एटीएममधून, नवऱ्याचेच तर पैसे आहेत. नशीब की तिने आधी पोलिसांना विचारलं. त्यांनी सांगितलं, हात लावू नका. बेपत्ता माणूस हयात असल्याची खूण म्हणून ते बँक खातं, मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्य विमा, फोन या सगळ्यावर लक्ष ठेवतात. घरच्यांनी कार्ड वापरलं की त्या तपासात गोंधळ होतो. ही एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

म्हणून आम्ही शाखेत गेलो. पहिल्यांदा सांगितलं, फोन करा. फोनवर पस्तीस मिनिटं थांबल्यावर सांगितलं, खातेदारालाच बोलू द्या. ताई म्हणाली, ते बेपत्ता आहेत. पलीकडचा म्हणाला, "मग ते परत आल्यावर फोन करायला सांगा." दुसऱ्यांदा शाखेत गेलो तर मयत खातेदारांचा फॉर्म हातात दिला. ताईने तो परत केला. ती म्हणाली, "मी यावर सही करणार नाही. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही." मला तिचा तेव्हा राग आला होता हे कबूल करतो. मला वाटलं, एक कागदच तर आहे. आज कळतं, तीच बरोबर होती. तो फॉर्म भरला असता तर खाती गोठली असती, पुढे मृत्यूचा दाखला मागितला असता आणि तो देणारं कुणीच नव्हतं.

वाट दाखवली ती दाजींच्या मित्राच्या बायकोने. तिचं खातं जॉइंट होतं म्हणून तिचे हप्ते अडले नव्हते, पण नवऱ्याची गाडी विकण्यासाठी तिने चौकशी केली होती. (हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री बघावं, हप्ता कुणाच्या खात्यातून जातो ते.) ती म्हणाली, व्हीकॅटमध्ये जा. व्हीकॅट म्हणजे व्हिक्टोरियाचं दिवाणी आणि प्रशासकीय न्यायाधिकरण. गार्डियनशिप अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कायदा, 2019 यात बेपत्ता माणसाच्या मालमत्तेसाठी वेगळी तरतूद आहे. माणूस हयात आहे की नाही ते कळत नाही, शोधायचे सगळे प्रयत्न झालेत, निदान 90 दिवस त्याने घरच्यांशी किंवा मित्रांशी संपर्क केलेला नाही आणि त्याच्या पैशाअडक्याबद्दल निर्णय घ्यायची गरज आहे, एवढं दाखवलं की न्यायाधिकरण प्रशासक, म्हणजे त्याच्या वतीने पैशाचे व्यवहार बघणारा माणूस, नेमू शकतं. अर्जाला फी नाही. वकील आम्ही केला नाही.

म्हणजे जी तिसरी चौकट बँकेत नव्हती, ती कायद्यात होती.

90 दिवस ऑगस्टमध्ये भरले, त्याच आठवड्यात अर्ज केला. सुनावणी फोनवर झाली. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, समोर वही. त्या वहीत तिने पहिल्या रात्रीपासून सगळं लिहिलं होतं, कुणाला फोन केला, किती वाजता, काय उत्तर आलं. अशी वही पहिल्या दिवशीच घाला. तिचा इतका उपयोग होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पोलिसांचं पत्र, पगार थांबल्याचं पत्र, परत गेलेल्या हप्त्याची नोटीस, हे सगळं जोडलं होतं. सुनावणी घेणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ते हयात आहेत की नाहीत, हे ठरवायला आपण आज जमलेलो नाही." ताई त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर मोकळेपणी रडली. ऑक्टोबरमध्ये आदेश हातात आला, दोन वर्षांसाठी, ताई प्रशासक. मला वाटलं, सुटलो.

आदेश घेऊन शाखेत गेलो. त्यांनी प्रत काढली आणि पुढच्या आठवड्यात ईमेल आला: प्रशासक नोंदवण्यासाठी खातेदार स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मी तो ईमेल चार वेळा वाचला. बेपत्ता माणसाला डॉक्टर तपासणार कसा? त्यांची यादी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी बनवलेली होती आणि ती बाजूला ठेवायचा अधिकार शाखेत कुणालाच नव्हता. ताईने लेखी उत्तर दिलं, मी लेखी उत्तर दिलं, प्रत्येक वेळी नवा माणूस तोच ईमेल पाठवायचा. नाताळ आला. हप्ते थकलेले, व्याज वाढतंय, थकबाकीची पत्रं 'श्री. व सौ.' अशी दोघांच्या नावाने येताहेत. ती पत्रं ताई फोडायची नाही, फ्रिजवर ठेवायची. मी येऊन फोडायचो. घराच्या भिंतींवर माझा हात आपटला जायचा इतकी चीड यायची.

शेवटी जे केलं ते जुलैमध्येच करायला हवं होतं. दोन वेगळे कागद दिले. एक, 'हार्डशिप नोटीस'. हाच शब्द वापरायचा. कर्जाचा हप्ता भरता येत नाही असं कळवलं की कायद्याने त्यांना 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि कर्जदार म्हणून ताईचं स्वतःचं नाव होतंच, दाजींच्या सहीची गरज नव्हती. दोन, लेखी तक्रार, वर ठळक 'तक्रार' लिहून. चौकशी वेगळी, तक्रार वेगळी. तक्रारीला 30 दिवसांची मुदत लागू होते आणि तेवढ्यात निकाल लागला नाही तर अ‍ॅफ्काकडे, म्हणजे वित्तीय तक्रारींच्या ऑस्ट्रेलियाभरच्या प्राधिकरणाकडे, फुकट जाता येतं. आम्ही एकतिसाव्या दिवशी गेलो.

चौथ्या दिवशी बँकेच्या मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी आदेश वाचला होता. खरोखर वाचला होता, कारण त्यांनी त्यातलं कलम सांगितलं. वीस मिनिटांत ताईचं नाव खात्यांवर चढलं, थकलेले हप्ते बचतीतून गेले, दंड माफ झाला. फोन ठेवल्यावर ताईने चहा टाकला आणि आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसलो. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. तिच्या वहीचा जास्त.

भारतातलं काम अजून पडून आहे. दाजींचा कराडचा विमा आहे. आपल्याकडे सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मृत धरता येतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होतं, जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 111 मध्ये आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या निकालाप्रमाणे मृत्यू बेपत्ता झाल्याच्याच दिवशी झाला असं धरता येत नाही. म्हणून मधली वर्षं विम्याचे हप्ते भरत राहावे लागतात, नाहीतर पॉलिसी बंद पडते. ते मी भरतो. दाजींच्या आईला गावातल्या गुरुजींनी बारा वर्षं वाट पाहायची असं सांगितलंय. त्या रोज तुळशीपाशी दिवा लावतात आणि ताईला फोनवर एवढंच विचारतात, कुंकू लावतेस ना. ती लावते.

आठवतंय तसं आणखी थोडं. पोलीस टूथब्रश मागतात, डीएनएसाठी, म्हणून घर आवरायच्या भरात तो फेकू नका. भाचीच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घेतला, एक मिनिटाचं काम. प्रती साक्षांकित करून मिळतात फार्मसीतही. आदेशाच्या दहा काढून ठेवा. आणि डोंगरात जाणार असाल तर पीएलबी घ्या, उपग्रहाला संकट कळवणारं ते छोटं यंत्र, आणि त्याची मोफत नोंदणी करा. दाजींच्या यादीत ते होतं. "पुढच्या वेळी घेऊ" असं त्यासमोर लिहिलेलं आहे.

पोलिसांनी कुकर वर्षभराने परत दिला, तपकिरी कागदी पिशवीत, वर नंबर. आत घासून स्वच्छ. निघताना त्याच कुकरवरून दोघांत वाद झाला होता, शिट्टी सापडत नव्हती म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात आदेशाची मुदत वाढवायची होती. या वेळी फॉर्म ताईने एकटीने भरला, मी फक्त वाचून बघितला. 'शेवटचा संपर्क कधी आणि कसा' या रकान्यात तिने दाजींचा शेवटचा मेसेज जसाच्या तसा लिहिला होता, खाली त्याचं इंग्रजी: शुक्रवार, 4:50. हेफिल्डला पेट्रोल भरलं, पुढे रेंज नाही. शिट्टी डब्यातच होती.