पश्चिम मोकळी हवी

रविवार, रात्री उशिरा

जेवणं झाल्यावर टेबलावर स्पेनचा नकाशा पसरला, तो अजून तसाच आहे. 12 ऑगस्ट 2026 ला खग्रास सूर्यग्रहण आहे, तेव्हा चंद्राची सावली जिथून जाणार तो पट्टा बाबांनी पेन्सिलने आखलाय. वायव्येला ला कोरुन्या, मग ओव्हिएदो, लिओन, बुर्गोस, सारागोसा, वालेन्सिया आणि शेवटी भूमध्य समुद्रातली बेटं. माद्रिद आणि बार्सिलोना दोन्ही जरासे बाहेर राहतात. तिथे नव्याण्णव टक्क्यांहून जास्त सूर्य झाकला जाईल, पण उरलेली बारीक कडही एवढी तेजस्वी असते की सूर्याभोवतीचं फिकट प्रभामंडळ (करोना) दिसतच नाही. खग्रास आणि 'जवळजवळ खग्रास' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पट्ट्याच्या आतच जायचं, यावर घरात एकमत आहे.

मोटरहोमचं ठरलं, तारखा ठरल्या. जागा मात्र ठरत नव्हती, आज दिवसभर तेच चाललं होतं.

ज्याला सांगावं तो आधी विचारतो, सर्वात जास्त वेळ कुठून दिसेल? तसं पाहिलं तर आइसलँडच्या पश्चिमेला, समुद्रावर, 2 मिनिटं 18 सेकंद. स्पेनमध्ये ओव्हिएदो, लिओन, बुर्गोस अशा मधल्या रेषेजवळच्या गावांत साधारण पावणेदोन मिनिटं. चार-पाच सेकंदांसाठी गावं बदलत बसण्यात अर्थ नाही. या ग्रहणात खरा प्रश्न सूर्याच्या उंचीचा आहे. बुर्गोसला खग्रास स्थिती येईल तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजत आलेले असतील, सूर्यास्ताला तासभरही उरलेला नसेल, आणि सूर्य क्षितिजाच्या फक्त आठेक अंश वर असेल. पट्ट्यात पूर्वेकडे जावं तसा तो आणखी खाली. मायोर्का बेटावर तर जेमतेम दोन-तीन अंश.

आठ अंश म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. म्हणून संध्याकाळी मी आणि नवरा मोकळ्या मैदानावर गेलो. हात समोर सरळ ताणायचा, मूठ मिटायची, करंगळी खाली आणि अंगठा वर. करंगळीपासून तर्जनीपर्यंतची रुंदी साधारण दहा अंश भरते. मैदानाच्या पलीकडे झाडांची एक रांग आहे, एरवी ती लांब आणि ठेंगणी वाटते. करंगळी क्षितिजावर टेकवली आणि पाहिलं, तर शेंडे तर्जनीला लागलेले. आपण जिला मोकळी जागा म्हणतो ती अशा ग्रहणाला मोकळी नसते. शंभर मीटरवर पंधरा मीटर उंचीचं झाड असलं तरी सूर्य त्याच्यामागे गेला म्हणून समजा. एखादी टेकडी, गोदाम, शेजारी लावलेली उंच गाडीसुद्धा पुरेशी आहे.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट आहे: पश्चिम मोकळी हवी. नेमकं सांगायचं तर पश्चिमेच्या थोडी उत्तरेकडची बाजू.

उत्तर किनारा मी आजच बाद केला. तिथे सूर्य बुर्गोसपेक्षा आणखी दोनेक अंश वर असेल हे खरं, पण समुद्रावरून येणारे ढग ऑगस्टमध्येही किनाऱ्याला धरून असतात. कांताब्रिया पर्वताची रांग त्यातले पुष्कळसे अडवते, आणि तिच्या दक्षिणेला कास्तिल्याचं पठार लागतं. कोरडं, उघडं, लांबवर गव्हाची कापलेली शेतं. बुर्गोसवरून 30 ऑगस्ट 1905 लाही खग्रास सावली गेली होती, तेव्हाही देशोदेशीचे निरीक्षक तिथे दुर्बिणी घेऊन जमले होते. हे वाचल्यावर माझा जीव त्या गावात अडकला, हे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. "चाकांवरचं घर आहे आपल्याकडे. ढग आले तर अर्धा तास आधी निघू, मोकळं आकाश गाठू." ऐकायला छान वाटतं. पण सूर्य एवढा खाली असताना त्याला झाकणारा ढग आपल्या डोक्यावर नसतो. पाच किलोमीटर उंचीवरचा ढग आठ अंशांवरच्या सूर्याच्या आड येतो, तेव्हा तो आपल्यापासून पस्तीसेक किलोमीटर लांब, पश्चिमेला असतो. डोक्यावर स्वच्छ निळं आकाश असतानाही ग्रहण हातचं जाऊ शकतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात दहा-वीस किलोमीटर पळून बहुतेक वेळा काही साधत नाही. शिवाय त्या संध्याकाळी रस्ते कसे असतील? 2017 मध्ये अमेरिकेत ग्रहणानंतर लोक तासन्‌तास गाडीत अडकले होते. मला पावणेदोन मिनिटांचं आकाश रांगेतल्या गाडीच्या काचेतून बघायचं नाही.

बराच वेळ वाद झाला. मग बाबा म्हणाले, "अगं, चाकं आदल्या दिवशी वापरा. त्या दिवशी बसून राहा." थोडं सैल करून तेच ठरलं. 11 तारखेला रात्री उपग्रहाची चित्रं आणि अंदाज बघायचा. गरज पडली तर पहाटे निघून पट्ट्यातच शे-दीडशे किलोमीटर सरकायचं, दुपारी दोननंतर मात्र किल्ली खिशात. ग्रहण झाल्यावर परतायची घाईही नाही, तिथेच झोपायचं. मोटरहोमचा खरा फायदा मला तोच वाटतो. त्याच रात्री पर्सीड उल्कावर्षाव भरात असतो आणि अमावस्या तर आहेच, तेव्हा अंधाराची काळजी नाही.

बाकीच्या गोष्टी पटापट उरकल्या. स्पेनमध्ये मोटरहोम नुसती उभी करणं आणि कॅम्पिंग करणं यांत फरक धरतात. आत झोपलात तर चालतं. बाहेर खुर्च्या मांडल्या, गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं, पाणी सांडलं की ते कॅम्पिंग होतं, आणि गावोगावचे नियम वेगळे. त्यामुळे रस्त्याकडेची जागा हा फक्त पर्याय, मुख्य बेत अधिकृत कॅम्पसाइटचाच. पाण्याची टाकी आदल्या दिवशी भरायची, सांडपाण्याची टाकी आणि कॅसेट टॉयलेट, म्हणजे गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी, रिकामी करून घ्यायची. कोरड्या गवतावर गाडी अजिबात उभी करायची नाही, शेगडी बाहेर काढायची नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये लिओन आणि झामोरा भागांत वणव्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या हौसेपायी कुणाचं शेत पेटता कामा नये.

ग्रहणाचे चष्मे आयएसओ 12312-2 चे (थेट सूर्याकडे बघायच्या चष्म्यांचं हे मानक), प्रत्येकाला एक आणि वर दोन जास्तीचे. सूर्य पूर्ण झाकला की ते काढायचे, हे लेकीला पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण प्रभामंडळ चष्म्यातून दिसत नाही. आणि हिऱ्याच्या अंगठीसारखा ठिणगीभर उजेड परत आला की लगेच घालायचे. घड्याळ बाबांकडे. ते दीड मिनिट झाल्याचं मोठ्याने सांगतील. लेकीला सूर्याच्या डावीकडे, बरंच वर, शुक्र शोधायचं काम दिलंय. फोटो कुणीच काढायचे नाहीत. यावर नवरा अजून कुरकुरतोय, पण मी ऐकणार नाही. जगात त्या संध्याकाळी हजारो लोक माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतील, माझ्या डोळ्यांनी मात्र मीच बघू शकते.

बुर्गोसच्या दक्षिणेला एका कॅम्पसाइटवर जागा आहे असं उत्तर आलंय. चित्रात तलाव दिसतो, सावली दिसते, आणि कडेने पॉप्लरच्या उंच झाडांची रांग. ती कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. उद्या सकाळी पहिलं काम, त्यांना लिहून विचारायचं: झाडं पश्चिमेला आहेत का, किती उंच, आणि आमच्या जागेपासून किती मीटरवर.