नाखव्याच्या (होडीवाल्या कोळ्याच्या) फोटोंचा फिल्म रोल घरीच डेव्हलप केला, आणि त्यावर एकही पट्टा नाही!

लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवून लूप (छोटं भिंग) लावली. नाखव्याच्या मागची भिंत कानाच्या पाळीपासून फ्रेमच्या कडेपर्यंत एकसारखी करडी. बाराच्या बारा फ्रेम तशाच.

मागच्या रोलवर डेव्हलपिंग एकसारखं न झाल्याने पट्टे आले होते, आठवत असतीलच. तुमच्यापैकी बहुतेकांनी अ‍ॅजिटेशनवर, म्हणजे रसायन भरलेला टँक हलवण्यावर, बोट ठेवलं होतं. हळू, जोरात, सगळं करून झालं. टँकमध्ये फिल्म गुंडाळायला स्टीलचं रील घेतलं. पट्ट्यांना ढिम्म फरक नाही, पण ठाण्याच्या दमट हवेत फिल्म चिकटायची थांबली. प्लास्टिकच्या रीलला रामराम.

खरा चोर गच्चीवरची टाकी! मे महिन्यात नळाला ३० अंशांच्या वरचं पाणी येतं. एचपी५ फिल्मला आयडी-११ डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (पाणी न वाढवता) २० अंशांना साडेसात मिनिटं. ३० ला तीनसुद्धा उरत नाहीत. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपिंग एकसारखं होणं नशिबावर. बर्फाने डेव्हलपर थंड झाला, पण फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी गरमच. शेवटी २० चा हट्टच सोडला. डेव्हलपर १+१, म्हणजे तितकंच पाणी घालून, केला (२० ला तेरा मिनिटं), सगळी रसायनं माठाच्या पाण्याने २६ वर आणली, वेळ आली सात मिनिटं. धुणंही माठाच्याच पाण्याने, टँक ५-१०-२० वेळा उलटून. घरचे आता माठाला कुलूप लावणार आहेत. आणि काचेचा थर्मामीटर दोन अंश खोटं बोलतो. स्वयंपाकघरातला डिजिटल घ्या.

पक्ष्यांचे फोटो काढणारा मी माणसांकडे कसा वळलो, असं नव्या मंडळींनी विचारलंय. ऐरोलीला फ्लेमिंगोंसाठी गेलो होतो. भरतीची वाट बघताना कंटाळून लेन्स नाखव्याकडे वळवली. डोळे बारीक करून तो पाण्याचा अंदाज घेत होता, भुवईवर मीठ सुकलेलं. घरी आल्यावर गुलाबी ठिपके भराभर डिलीट केले, तो चेहरा राहिला. पुढच्याच महिन्यात जुना याशिका फिल्म कॅमेरा घरात आला.

आता ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या फुलवाल्यांचे फोटो करायचे होते. पण लिहितालिहिता सुचलं: एचपी५ १६०० ला पुश केली (आहे त्याहून जास्त संवेदनशील धरून कमी उजेडात काढली आणि जास्त वेळ डेव्हलप केली) तर स्टॉकमध्येच २० ला चौदा मिनिटं लागतात, म्हणजे उकाड्यातही वेळ हाताशी. वर पावसाळ्यातला खिडकीचा मंद उजेड! फुलवाल्या दिवाळीला, आधी नाखव्याच्या घरी जाऊन त्या उजेडात फोटो.

त्याला प्रिंट द्यायचीय. माझ्या एन्लार्जरला (निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्राला) ५० मिमीची लेन्स आहे, याशिकाच्या सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हला ७५ किंवा ८० हवी. कुणाकडे बुरशी न लागलेली पडून असेल तर सांगा, पनवेलपर्यंत येऊन घेऊन जाईन.